पोर्ट्समथ बंदरातली कापलेली वायर

मी एक जुनी लाँच आहे. पोर्ट्समथच्या बंदरात मी चाळीसेक वर्षं पाहुण्यांना फिरवलं. आता समोरच्या गॉस्पोर्टच्या चिखलात कलंडून पडले आहे. ओहोटी लागली की माझ्या तळातलं भोक उघडं पडतं आणि खेकडे आतबाहेर करतात.

मित्रांनो, माझा जन्म इथल्याच एका गोदीतला. ओकच्या फळ्या, पितळेचं सुकाणू आणि साठ माणसांची बाकं. डेरेक हिबर्डने मला विकत घेतलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो सुकाणू धरायचा आणि शेजारी बसून त्याची बायको बेरिल माईकवरून बंदर दाखवायची. बंदराच्या तोंडावरचा गोल बुरूज, गोदीतलं नेल्सनचं जुनं लढाऊ जहाज ‘व्हिक्टरी’, काळं लोखंडी जहाज ‘वॉरियर’. तारखा तिला तोंडपाठ होत्या, पण लोक यायचे ते तिच्या बोलण्यासाठी. “सुकाणूवर माझा नवरा आहे,” ती म्हणायची. “घरी वळ म्हटलं तर वळत नाही, इथं मात्र छान वळतो.” लोक हसायचे. डेरेकही दर फेरीला नव्याने हसायचा. माझ्या रंगाची, माझ्या इंजिनाची सगळे तारीफ करायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका उन्हाळ्यात, कित्येक वर्षं ती रोज दाखवायची त्या धक्क्याजवळच्या शिडाच्या आकाराच्या उंच मनोऱ्याकडे बघून तिने माईकवरच विचारलं, “हा कधी बांधला रे?” लोकांना वाटलं, थट्टा करतेय. पुढच्या फेरीला तिने तेच विचारलं. डेरेक हसला नाही.

मग ती ‘वॉरियर’ला ‘व्हिक्टरी’ म्हणू लागली. एकच गोष्ट तीनदा सांगू लागली. मागच्या बाकांवरून कुजबुज यायची, कुणी तिची नक्कल करायचं. घरी बसायचं म्हटलं की ती रडायची, असं डेरेकने धक्क्यावरच्या तिकीटवाल्याला सांगितलं होतं. शेवटी एका सकाळी, ती चढायच्या आत, त्याने कर्ण्यांची वायर कापली आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळली. लोक चढताना तो त्यांच्या हातात छापील माहितीचा कागद द्यायचा. इंजिनाच्या घरघरीत कर्णे बंद आहेत हे बेरिलला कळायचं नाही. ती बोलत राहायची. मला ते दोन उन्हाळे आठवले की अजून कसंतरी होतं.

एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. नम्रपणे म्हणाले, बाई, मागे काहीच ऐकू येत नाही, गेल्या वर्षीही येत नव्हतं. त्या दिवशी बेरिलचं डोकं नेमकं ताळ्यावर होतं. ती वायरवरून हात फिरवत गेली आणि टोकाशी थांबली.

“हे तू केलंस?”

डेरेकने होकारार्थी मान हलवली.

“कधी?”

“मागच्या ईस्टरला.”

“मग इतके दिवस मी बोलत कुणाशी होते, डेरेक?”

तिने माईक खुंटीला अडकवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. पुन्हा ती माझ्यावर कधी चढली नाही.

पुढे ती सगळं विसरली. घर, आपलं नावसुद्धा. पण डेरेक खोलीत आला की तोंड फिरवायची. का, ते तिलाही सांगता येत नसे. हे त्याने मला विकायला आणलं त्या दिवशी तिकीटवाल्याला सांगितलं. नव्या मालकाने मला दोन हंगाम राबवलं आणि इथे आणून सोडलं.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. पण तुमच्या घरात कुणी चुकू लागलं, विसरू लागलं, तर त्याला समजतंय तोवर त्याच्याजवळ बसून त्याला खरं सांगा. ते रडलं तरी सांगा. डेरेकने जे केलं ते मायेने केलं, मी तिथेच होते. त्या मायेचा बेरिलला काही उपयोग झाला नाही, त्यालाही नाही.

मंगळवारी मोठी भरती आहे. तेव्हा मला ओढून नेऊन तोडणार आहेत. डेरेकला कुणी कळवलं असेल असं वाटत नाही.