ईश्वरीचा राजीनामा

पिंगळी स्टेशनाच्या पलीकडे, कापसाच्या रानांमध्ये असलेल्या एका खाजगी शाळेत प्रभावती मॅडम एकवीस वर्षं मराठी शिकवत होत्या. गेल्या जूनपासून त्या पर्यवेक्षिका झाल्या होत्या. स्टाफरूमला लागून त्यांना वेगळी खोली मिळाली होती, दारावर नावाची पाटीही लागली होती.

त्या दिवशी दहावीच्या वर्गात जुन्या कादंबरीतला एक उतारा शिकवायचा होता. एक छोटं संस्थान, त्याची तरुण वारस राजकन्या आणि एक वयस्क कारभारी. कारभाऱ्याला गादी आपल्या मर्जीतल्या माणसाला द्यायची असते. पण तो राजकन्येशी कधी वाद घालत नाही. तो तिच्या आत्याकडे जातो, राजकन्येच्या तब्येतीची काळजी करतो, डोळ्यांना उपरणं लावतो. शेवटी आत्याच भाचीला समजावते आणि भाची हक्क सोडल्याच्या कागदावर सही करते. प्रभावतीबाईंनी सवयीप्रमाणे फळ्यावर पहिला मुद्दा लिहिला : कारभाऱ्याची स्वामिनिष्ठा.

दुसऱ्या बाकावरची निकिता उभी राहिली. "मॅडम, ह्याच्यात निष्ठा कुठं हाय? हा माणूस एकदाबी 'गादी सोडा' म्हणत न्हाई. सगळं आत्याच्या तोंडून वदवून घ्यायलाय."

"आत्या भोळी आहे. तिला त्याचा डाव कळत नाही."

निकितानं पान उलटलं. "कळत कसं न्हाई, मॅडम? सही झाली की लगेच कोठाराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला येत्यात की."

पोरी हसल्या. प्रभावतीबाई हसायला गेल्या, पण हसू काही आलं नाही. खडू तसाच हातात धरून त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. तास संपायला वीस मिनिटं होती. "पुढचं मनात वाचा," असं सांगून त्या खुर्चीत बसल्या.

दीड वर्षापूर्वी ईश्वरी याच वर्गाला विज्ञान शिकवायची. शिक्षणसेवक म्हणून लागलेली, सव्वीस वर्षांची, पेडगावची मुलगी. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. आत संस्थेचे सचिव गोविंदराव यांच्या पुतण्यानं खताची पोती रचून ठेवली होती. मोठ्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच राहायच्या. ईश्वरीनं दोनदा तोंडी सांगितलं, मग कुलपाचा फोटो काढून शिक्षण खात्याला अर्ज केला.

गोविंदरावांना सगळे नाना म्हणत. त्यांनी कधी कुणावर आवाज चढवल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं. अर्ज गेल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रभावतीबाईंना बोलावलं, चहा मागवला.

"ईश्वरी लय गुणाची पोरगी हाय, मॅडम," नाना म्हणाले. "पण तिचं डोकं थाऱ्यावर न्हाई. घरी आई आजारी, इकडं ही धावपळ. लय ताण घ्यायलीय. चौकशी लागली तर पोरीचं नाव खराब होईल. मला झोप न्हाई बघा. तुमी तिच्या थोरल्या भैनीसारख्या. मंग कसं करावं?"

प्रभावतीबाईंनी सुचवलं होतं, "काही महिने ती घरी राहिली तर?"

"तुमाला तसं वाटतंय का?" नाना म्हणाले. "तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई."

त्याच संध्याकाळी प्रभावतीबाईंनी ईश्वरीला घरी बोलावलं, जेवू घातलं. पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तू थकलीस गं. प्रकृतीच्या कारणास्तव म्हणून राजीनामा दे. दिवाळीनंतर नाना परत घेतील, मी आहे ना." ईश्वरीनं ताट बाजूला सारलं. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणून." मजकूर प्रभावतीबाईंनी सांगितला, वेलांट्यासुद्धा तपासल्या. ती गेल्यावर अर्ज पुढं रेटणारं कुणी उरलं नाही, पोती तिथंच राहिली. दिवाळी आली, गेली. नानांनी विषय काढला नाही, प्रभावतीबाईंनीही काढला नाही. जूनमध्ये त्यांना खोली मिळाली.

आता वर्गात बसून त्या आठवत होत्या, राजीनामा हा शब्द नानांनी कधी उच्चारला? एकदाही नाही. तो प्रभावतीबाईंचा स्वतःचा होता. आणि खरं सांगायचं तर चहाचा कप खाली ठेवतानाच त्यांना कळलं होतं की आपल्याला कशासाठी बोलावलं आहे. न कळल्यासारखं करणं सोपं गेलं होतं, एवढंच.

रविवारी त्या पेडगावला गेल्या. ईश्वरी ओसरीवर शिकवणीच्या वह्या तपासत होती. तिनं पाणी दिलं, सतरंजी टाकली. आईला जाऊन सहा महिने झाले होते; हेही प्रभावतीबाईंना तिथंच कळलं.

"मी तुझी माफी मागायला आले," त्या म्हणाल्या.

"कशाची?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी योजलं नव्हतं. "नानांनी आपल्या दोघींनाही फसवलं," त्या म्हणाल्या.

ईश्वरीनं वही मिटली. "नानांचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मॅडम. त्यांनी सांगितलं असतं तर मी मेले तरी सही केली नसती. म्हणून तर त्यांनी तुम्हाला पाठवलं."

प्रभावतीबाईंच्या मांडीवरची पर्स घसरली, ती त्यांनी उचलली नाही. त्या म्हणाल्या, "मी लिहून देते. खात्याला."

ईश्वरीनं वहीतला एक कोरा कागद फाडून पुढं केला. प्रभावतीबाईंनी तिथंच लिहायला घेतलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. ईश्वरीनं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"'सदर शिक्षिकेकडून राजीनामा लिहून घेण्यात आला.' कुणी घेतला?"

प्रभावतीबाईंची मान खाली गेली. कर्मणी प्रयोगात कर्ता लपवायचा कसा हे त्या एकवीस वर्षं पोरांना शिकवत आल्या होत्या. त्यांनी ओळ खोडून वर लिहिलं : मी लिहून घेतला. मजकूरही मीच सांगितला. ईश्वरीची प्रकृती ठणठणीत होती. पोती हलू नयेत म्हणून मला बोलावलं आहे हे मला समजलं होतं. पुढं मला बढती मिळाली.

"आता माफीचं बोलू?" त्यांनी विचारलं.

"ते राहू द्या," ईश्वरी शांतपणे म्हणाली. "उशीर होईल तुम्हाला."

सोमवारी परभणीला जाऊन त्यांनी कागद दिला, पोच घेतली. नानांना दुपारपर्यंत कळलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोलावलं, चहा होताच.

"मॅडम, तुमी लय थकल्यासारख्या दिसायल्या," नाना काळजीनं म्हणाले. "एकवीस वर्षं झाली. मला वाटलं, काही दिवस आराम..."

"नाना, कागद मी शुद्धीवर असताना लिहिला आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. बोलताना त्यांचा आवाज कापला, त्याचीही त्यांना लाज वाटली. चहा तसाच ठेवून त्या बाहेर आल्या.

महिन्याभरानं दोन अधिकारी येऊन गेले. पोती हलली, कुलूप निघालं, पाण्याची टाकी बसली. नानांच्या सचिवपदाला काही झालं नाही. पुतण्यानं दुसरीकडं जागा घेतली. प्रभावतीबाईंची पाटी मात्र उतरली. स्टाफरूममध्ये त्या गेल्या की बोलणं थांबायचं. कुणी एकानं त्यांच्या हिमतीचं कौतुक केलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ईश्वरीचा राजीनामा रद्द होण्याजोगा होता, असा शेरा खात्यानं दिला; पण ती परत आली नाही. तिनं जिंतूरकडच्या एका शाळेत नोकरी धरली.

मार्चमध्ये परभणीच्या बसस्टँडवर दोघी समोरासमोर आल्या. ईश्वरीच्या हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. तिनं ओळख दाखवली; हसली मात्र नाही.

"पेडगावची लागली का, मॅडम?"

"लागली आहे. तिकडं, कोपऱ्यात."

"बरं," म्हणून ती चालू लागली. हात थोडासा उचलून प्रभावतीबाई तिथंच उभ्या राहिल्या, आणि मागून कुणीतरी वाट मागितल्यावर बाजूला झाल्या.