चौकटीत बांधलेला एडका

मी एडक्याचा ठसा बोलतोय. शिसवी लाकडात कोरलेला, तळहाताएवढा, वळलेल्या शिंगांचा. सोलापुरातल्या एका साप्ताहिकाच्या छापखान्यात, शेवटच्या, जाहिरातींच्या पानाच्या लोखंडी चौकटीत मला पाचरी ठोकून बसवलं आहे. डावीकडे शक्तिवर्धक गोळ्या, उजवीकडे नाटक कंपनी, डोक्यावर केशतेल. दर शनिवारी माझ्या तोंडाला शाई फासतात, छापतात, घासलेटनं पुसतात आणि चौकट पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतात. तीन वर्षं झाली, मी बाहेर आलेलो नाही.

सन सत्तावीसच्या दिवाळीत मला कोरलं ते सिद्धाप्पासाठी, त्याच्याच कळपातला एडका बघून. हा मंद्रूपचा धनगर. मेंढरं भावाकडे सोपवून त्यानं शहरात घोंगड्यांचं दुकान टाकलं होतं. मृगाआधी घोंगड्या खपल्या तर दुकान राहणार, नाहीतर पुन्हा मेंढरांमागं. छापखान्याचे व्यवस्थापक वेणीमाधवपंत त्याला म्हणाले, "अरे, आमचा पेपर हजार घरांत जातो. वर्षाचा करार कर, चित्र कोरून देतो."

पंत खोटं बोलले नव्हते. पेपर हजार घरांत जात होता. कोणत्या घरांत, ते त्यांनी सांगितलं नाही. वकील, मास्तर, कारकून! त्यांच्या घरी शाली होत्या, छत्र्या होत्या. घोंगडी पांघरणारा गाडीवान आणि मेंढपाळ पेपर घेत नव्हता, वाचतही नव्हता. करारावर सिद्धाप्पाचा अंगठा उमटला आणि मी चौकटीत गेलो.

पाच महिने मी दर शनिवारी छापला गेलो. त्या छापण्यानं दुकानात एक गिऱ्हाईक आलं नाही.

चैत्रात सिद्धाप्पाला घेऊन त्याची बायको केराबाई छापखान्यात आली. हातात कागदाचा तेलकट तुकडा. मंद्रूपच्या बाजारात तिला रद्दीत बांधलेल्या शेंगा मिळाल्या होत्या आणि त्या रद्दीवर मी होतो.

"पंत, बाजारात चार जणी म्हनल्या, ह्यो तर सिद्धाप्पाचा एडका दिसतुया! पेपरात कुनी बगितला न्हाय, शेंगांच्या पुडीवर समद्यांनी बगितला. एक दिस ठसा द्या. साध्या कागदावर छापून बाजारात वाटतो."

माझ्या लाकडात जीव आला. बाजार! मोकळी हवा!

"करार वाच," पंत म्हणाले. "मुदत संपेतो ठसा छापखान्याचा."

"वाचता आलं असतं तर अंगठा कशाला दिला असता?"

पंत हसले. पाचरी तशाच राहिल्या. केराबाई दारातून वळली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला की. मेंढरांवर गेरू लावायचा आपला ठसा हाय न्हवं घरात?"

तो ठसा मी कधी पाहिला नाही. पण कुणाचं मेंढरू ते त्या लाल खुणेवरून सगळ्या रानाला कळतं म्हणे. केराबाईनं तीच खूण कागदावर उठवली, बाजारात वाटली, बैलगाड्यांच्या फळ्यांना चिकटवली आणि दुकानाच्या दारावर थोरली काढली. मृगाआधी दुकानात एक घोंगडी उरली नाही.

दिवाळीला मुदत संपली. पंतांनी दोघांना बोलावलं आणि खुर्च्या दिल्या.

"बघा, आमच्या पेपरानं तुमचं दुकान कसं चाललं! या केराबाई, बसा. करार पुढं चालवा, ठसा हवा तेव्हा घेऊन जा."

केराबाई चौकटीजवळ आली. शाईनं काळ्या झालेल्या माझ्या शिंगांवर तिनं बोट फिरवलं. मी वाट पाहत होतो.

"नगं पंत. ह्यो तुमच्याच दावणीला ऱ्हाऊ द्या. बांधून बांधून चालायचं इसरला त्यो."

ती गेली. आता माझ्याखाली लोकरी बनियनवाल्याचं नाव आहे. त्यालाही पंतांनी हजार घरं सांगितली आहेत.

दुकानदारांनो, जाहिरात देण्याआधी पेपर किती घरांत जातो हे विचारू नका, तुमचं गिऱ्हाईक त्यातल्या कोणत्या घरात राहतं ते विचारा. आणि कधी या छापखान्यात आलात तर चौकटीची एक पाचर उपसून पाहा. मी चालायचं विसरलेलो नाही. केराबाईचं एवढं एकच बोलणं खोटं होतं, आणि ते तिला सांगायला मला तोंड नाही. जे लाकडी तोंड आहे, त्याला शनिवारी पुन्हा शाई लागेल.