सगळं ठीक असल्याचा शून्य

प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने एकतीस इशारे दिले होते. तेवीस ठिकाणी फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एकेक तुकडा, कोणत्या प्रकारचं उत्तर परत देणार हेच लिहिलेलं नव्हतं. जुन्या सी भाषेत ते खपून जायचं. उरलेली आठ फंक्शनं आकडा द्यायचं कबूल करत आणि काहीच न देता संपत.

अंडी उबवण्याच्या यंत्रांवर लक्ष ठेवणारा आणि बिघाड झाला की भोंगा वाजवणारा हा प्रोग्राम नव्याने नोकरीला लागलेल्या तिच्या गळ्यात पडला होता. तेवीस फंक्शनं तिने वाचून नीट केली. आठांपाशी येईपर्यंत जीव विटला होता. आठही फंक्शनांच्या शेवटी तिने ‘रिटर्न झिरो’, म्हणजे ‘उत्तर शून्य’, चिकटवलं.

“एकतीस जणांची तोंडं बंद केली,” चहाला ती म्हणाली. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी दुपारी तीन नंबरच्या यंत्राचा पंखा अडकला. अंडी तापत राहिली. पाळीवर यंत्रवाले मामा होते. वयाने मोठे म्हणून सगळ्यांचेच मामा. त्यांनी सहज दार उघडलं तेव्हा आतून वाफ आली.

सोमवारी मामा साहेबांसमोर मान खाली घालून उभे होते.

“भोंगा वाजलाच असणार, साहेब. मलाच ऐकू आला नसेल. बायको कधीची म्हणतेय, कानांत बोळे घालून फिरता म्हणून.”

“कान तपासून घ्या. तोवर गोदामात बसा,” साहेब म्हणाले. मग तिच्याकडे वळून, “तूही एक नजर टाक. तसा प्रोग्राम आता स्वच्छच आहे म्हणा.”

तिने नजर टाकली. आठांपैकी एक फंक्शन पंखा तपासायचं. त्यात उत्तर परत द्यायची ओळ लिहायची राहून गेली होती, पण शेवटच्या तपासणीचा आकडा प्रोसेसरच्या कप्प्यात तसाच पडून राही आणि पुढचा भाग तो तिथून उचली. चूक होती, पण इतकी वर्षं निभावली होती. आता तिथून दर वेळी तिचा शून्य जात होता. या प्रोग्रामात शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’.

एक ओळ गुपचूप बदलली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. ती दारापर्यंत गेली. बाहेर बाकावर मामा मनगटावरचं घड्याळ काढून एकदा या कानाला, एकदा त्या कानाला लावून बघत होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती साहेबांच्या खोलीत गेली. “मामांचे कान ठीक आहेत. भोंगा मी बंद केला.”

साहेब म्हणाले, “हे त्यांनाही तूच सांग.”

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे मी बहिरा नाही?”

“नाही, मामा.”

“मग घरी येऊन एवढं बोल बाई. माझं कुठे ऐकते ती.”

तिला हसता आलं नाही. मान वर करून त्यांच्याकडे बघणंही जमेना.

आठही फंक्शनं तिने पहिल्या ओळीपासून वाचली आणि प्रत्येकाला त्याचं खरं उत्तर द्यायला लावलं. मग मामांनी पंख्याची वायर उपसली. चौथ्या सेकंदाला भोंगा वाजला.

“आला ऐकू,” मामा म्हणाले.

तीन नंबरच्या यंत्रात चारशे ऐंशी अंडी होती. त्यांतून एकशे सदतीस पिल्लं बाहेर आली.