डोंगराकडची माणसे आणि माझा पारा

मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. लोक मला ‘बीपीचं मशीन’ म्हणतात. मित्रांनो, बटण दाबताच आकडे दाखवणारी ती हलकी यंत्रे तुम्ही घरी पाहिली असतील. मी तसे नव्हे. माझी पेटी लोखंडी आणि वजनदार. झाकण उघडले की काचेची उभी नळी, तिच्यात पारा, शेजारी कापडी पट्टा आणि रबरी फुगा. पट्टा दंडाला बांधून फुगा दाबला की पारा वर चढे. माणसाला राग आला की त्याचा पारा चढला म्हणतात. माझा दिवसातून साठ वेळा चढायचा, पण मी कोणावर कधी रागावले नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे शेवटच्या टेबलापाशी एक चष्मेवाल्या बाई बसत. माझा पारा शून्यावर नीट टेकतो का, हे त्या मान खाली घालून, एक डोळा मिटून बघत. त्यांनी मला तीनदा परत पाठवले होते. चौथ्या वेळी म्हणाल्या, “आता खोटं बोलणार नाही हे.” त्यांचे ते शब्द मी आयुष्यभर जपले.

तिथून मी एका काच कारखान्याच्या दवाखान्यात आले. खोली लहान, पण खिडकीतून भट्टीची ऊब यायची. तिथल्या सिस्टर मला रोज सकाळी मऊ फडक्याने पुसत आणि मगच पहिल्या कामगाराला हाक मारत. काय दिवस होते ते! बाकावर रांग लागे. काही कामगार गावातले होते, काही दूरच्या डोंगराळ मुलखातून आलेले. डोंगराकडच्यांची बोली वेगळी, चेहरे वेगळे आणि हसणे भिंतीपलीकडे ऐकू जाईल असे. त्यांत सर्वांत मोठ्याने हसायचे ते भट्टीवाले दादा.

“दादा, एकशे सत्तर आलंय,” सिस्टर म्हणाल्या.

“मशीन मला बघून घाबरलं असेल, सिस्टर. आमच्या घरात कोणाला नाही हो असलं काही.”

तरी सिस्टरांनी त्यांना गोळ्या सुरू केल्या. वर्षाअखेरीस त्यांनी रजिस्टर चाळले. गावातल्या दहा जणांत दोघांचा दाब जास्त होता, डोंगराकडच्या दहांत चौघांचा. त्यांनी हे दवाखान्याच्या डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर माणूस चांगला, पण कामाच्या गर्दीत बुडालेला. मान वर न करता ते म्हणाले, “त्यांच्या रक्तातच असेल ते.”

मॅनेजर तिथेच बसले होते. त्यांनी ते वाक्य उचलले आणि नियम केला, की डोंगराकडची नवी माणसे कामावर घ्यायची नाहीत.

थोड्याच दिवसांनी दादांचा धाकटा भाऊ काम मागायला आला. कारकुनाने नियम सांगून त्याला दवाखान्याच्या दारातूनच परत फिरवले. “अहो, एकदा मोजा तरी!” तो म्हणत राहिला. मी तिथेच टेबलावर होते, पण माझे झाकण कोणी उघडले नाही. त्या दिवसासारखी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

मग बाकावरची डोंगराकडच्यांची जागा रिकामी दिसू लागली. दादाही येईनासे झाले. एका दुपारी भट्टीसमोर त्यांच्या हातातली फुंकनळी निसटली आणि ते कोसळले. दवाखान्यात आणले तेव्हा तोंड एका बाजूला वाकडे झाले होते, डावा हात लोंबत होता. पारा दोनशे तीसवर गेला.

“गोळ्या घेत नव्हते का हे?” सिस्टरांनी विचारले.

“गोळ्या न्यायला आलं की नोंद होते, सिस्टर,” धावत आलेला धाकटा भाऊ म्हणाला. “नोंद कचेरीत जाते. आज नव्यांना बंदी केली, उद्या जुन्यांचंही काम जाईल. मग कोण येणार?”



मोठ्या रुग्णालयात दादा वाचले. दोन महिन्यांनी भाऊ त्यांना गावी न्यायला निघाला, तेव्हा सिस्टर रजा काढून सोबत गेल्या. ‘रक्तातच असेल’ हे खरे का, ते त्यांना स्वतः मोजून बघायचे होते. बसमध्ये मी त्यांच्या मांडीवर होते. पुढे रस्ता संपला. दादांना डोलीत घातले आणि मला भावाने खांद्यावर घेतले.

दादांची आई ऐंशीच्या घरातली. सिस्टरांनी पट्टा बांधायला घेतला तशी ती हसली. “मला कशाला बांधतेस गं पोरी? मी कुठे पळून चाललेय?”

एकशे बारा! सिस्टरांना वाटले, प्रवासात मी बिघडले. त्यांनी आईचा दुसरा दंड घेतला. पुन्हा तेच. मग काका, मावश्या, चुलतभाऊ असे नऊ दिवसांत एकशे चाळीस जण मोजले. सगळे दादांच्याच रक्तामांसाचे, त्यांच्यासारखेच गडगडाटी हसणारे. दाब जास्त निघाला तो फक्त सहा जणांचा.

सिस्टर पाहत होत्या. इथे मीठ चिमटीने जपून घालत. दिवसभर चढ-उतार, अंधार पडला की झोप. आणि तिकडे कारखान्यावर एका खोलीत आठ जण, दर आठवड्याला बदलणारी कामाची पाळी, कॅन्टीनचे खारट जेवण आणि घरची काळजी.

परतल्यावर त्यांनी दवाखान्याचे रजिस्टर आणि डोंगरातल्या आकड्यांची वही डॉक्टरांसमोर ठेवली. डॉक्टरांनी बराच वेळ पाने उलटली. “मशीन नक्की बरोबर आहे ना?”

सिस्टरांनी पट्टा त्यांच्याच दंडाला बांधला. एकशे चौसष्ट!

“मी तर डोंगराकडचा नाही,” डॉक्टर हसून म्हणाले. मग त्यांचे हसू मावळले. “थोडं रक्तातही असेल, कोणी सांगावं. पण मी न बघताच बोललो, सिस्टर.”

ते स्वतः मॅनेजरांकडे गेले. एकदा नव्हे, चार वेळा. अखेर नियम मागे घेतला गेला. दवाखान्यातली नोंद कचेरीत जाणे थांबले. डोंगराकडच्यांना दर महिन्याला बोलावून तपासू लागले, कारण धोका त्यांनाच जास्त होता. कॅन्टीनमधले मीठ कमी झाले तेव्हा सगळ्यांनीच कुरकुर केली, मग सवय झाली. आकडे हळूहळू उतरले, पण डोंगरातल्या त्यांच्या घरच्यांइतके खाली कधीच आले नाहीत. भावाला काम मिळाले. दादा डोंगरातच राहिले. ते पुन्हा बोलू लागले, पण डावा हात मात्र कायमचा गेला.

पुढे नवी यंत्रे आली. काच फुटून पारा सांडला तर घातक, म्हणून माझा पारा जपून काढून घेतला. आज मी परिचारिकांच्या शाळेतल्या कपाटात रिकाम्या नळीने बसून आहे. बाकावरची ती रांग आठवली की जीव हळवा होतो.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांना दाब मोजून घ्यायला सांगा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर किंवा सिस्टर झाले, समोरच्या माणसाचा आकडा जास्त आला, तर त्याला दाराबाहेर ठेवू नका. खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसा. झोप लागते का, जेवता काय, काळजी कसली आहे, हे विचारा. सांगायला त्याला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्या.