साहेबाचा मुक्काम

तानाबाईने विजेचं बिल डाळीच्या डब्याखाली सरकवलं आणि दारात उभ्या असलेल्या ब्रुनोकडे वळून हात झटकले.

"सापडून नाही राह्यलं, साहेब."

ब्राझीलहून आलेला हा कंपनीचा बियाणेतज्ज्ञ तिच्या माडीवर भाड्याने राहत होता. त्याच्या व्हिसाची मुदत शनिवारी संपत होती. वाढवून घ्यायचा अर्ज ऑनलाइनच भरायचा, आणि राहत्या घराचा पुरावा जोडल्याशिवाय तो पुढे सरकत नव्हता. "ठीक है, मावशी," म्हणून ब्रुनो जिना चढून गेला. त्या दुपारी तानाबाईला भाकर गोड लागली.

तिचा राग आजचा नव्हता. बीटी कपाशीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची एक छोटी पुडी येते. ती शेताच्या कडेने लावायची असते, म्हणजे बोंडअळी बीटीला सरावत नाही. ब्रुनोनेच पारावर मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, नव्या वाणाला पुडीची गरज नाही, फेकून द्या. तिच्या नवऱ्याने, उत्तमरावांनी, ते गावाला पटवलं. धामणगाव बढ्यात त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. मग बोंडअळीने गावाची बोंडं पोखरली आणि कंपनीने हात वर केले: पुडी लावली नाही, चूक शेतकऱ्यांची. ब्रुनो मिठाची गुळणी धरून बसला. शिव्या उत्तमरावांच्या वाट्याला आल्या. ज्या पारावर लोक त्यांना उठून जागा देत, तिथेच पाठ फिरवू लागले. शेवटी ते सुरतेला वॉचमन म्हणून निघून गेले.

मेल्याला देशाबाहेर हाकलावं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम मजा बघायला मुबीनाच्या ऑनलाइन सेंटरवर गेली.

"काय वं, साहेबाचं काम झालं का?"

"काकू, ते व्हावं असं त्याले वाटूनच नाही राह्यलं," मुबीना म्हणाली. "फोटो मोठा हाय म्हणून साइट परत पाठवते, तर लहान करू देत नाही. म्या म्हटलं, बिल नसन तर भाडेकरार जोडू. तर म्हणे, राहू दे."

"काऊन?"

"सोमवारी बुलढाण्याले बोंडअळीच्या चौकशी कमिटीपुढं त्याले पुडीचा जबाब द्याचा हाय न. इथंच बसून मॅनेजरले फोनवर सांगत होता, मुदत भेटली तर येईन म्हणा. अन् भेटणार नाही, घरमालकीण बिलच देत नाही."

तानाबाई बाकावर बसली. करायला गेली गणपती अन् झाला मारुती. ज्याचा गळा धरला म्हणून ती खूश होती, त्यालाच तिने पदराखाली घेतलं होतं. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

घरी जाऊन तिने बिल घेतलं आणि ब्रुनोला पुढे घालून भर बाजारातून सेंटरवर आणलं, बैल आणतात तसं.

"तुमच्यासाठी सारं घर धुंडाळलं, साहेब."

ब्रुनोने बिलाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात तानाबाई उभी होती. मुबीनाने फोटो लहान केला, बिल जोडलं आणि शेवटचं बटण त्याच्यासाठी ठेवलं. नाही म्हणायला त्याला काही निमित्त सापडेना. त्याने बटण दाबलं.

"उत्तर येईस्तोवर आता तुम्हाले इथं राहता येते," मुबीना म्हणाली.

"मंग सोमवारी आपण संगंच जाऊ," तानाबाई म्हणाली. "डबा मी बांधतो."

बाहेर येऊन तिने सुरतेला फोन लावला.

"सोमवारी बुलढाण्याले या, साहेब कमिटीपुढं पुडीचा जबाब देणार हाय. धुतलेला सदरा घाला अन् पुढच्या बाकावर बसा."

उत्तमरावांनी विचारलं:

"मले पाहून लोक काय म्हणतीन?"

"लोकायकडे नका पाहू," ती म्हणाली. "साहेबाच्या तोंडाकडे पाहा."