चांद्याच्या वशिंडावर

कपाशी कोळपायच्या एकबैली डवऱ्याला जुंपलेला चांद्या बैल ओळीच्या मध्येच बसला आणि उठायचं नाव घेईना. भीमराजनं पराणी टोचून पाहिली, शेपटी पिरगाळून पाहिली. शेवटी मोटारसायकल काढून तो बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेला आणि ज्याच्याकडून बैल घेतला होता त्या शंकरसिंगलाच घेऊन निघाला. म्हाताऱ्याला धरायला मागं नात रंजिता बसली.

शंकरसिंगचा जन्म गोऱ्हे शिकवण्यात गेला. वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर हिंडले, त्यांचीच ही रीत. पराणी नाही, शिवी नाही. वशिंडावर तळहात ठेवून पुढं सरकवला की बैल चालू लागायचा. चांद्या शेवटचा. त्याला शिकवून झालं आणि अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला. कापसाच्या पडत्या भावानं सगळ्यांचीच कंबर मोडलेली. शिकवायला नवे गोऱ्हे आणणार कोण?

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कपाशीची हिरवी पऱ्हाटी मागं सरत होती. गाडीवर आजोबांना पेंग येऊ नये म्हणून रंजिता कानाशी बोलत होती. उमरखेडच्या कॉलेजात सरांनी सांगितलं होतं, इंग्रजीतला 'मॅनेज' हा शब्द मुळात हातावरून आला; परमुलखात घोडा हातानं वळवण्याला तसं म्हणत. शंकरसिंगला हसू आलं. त्यानं तो शब्द चिरीमिरीच्या गोष्टींतच ऐकला होता. मग मिटल्या डोळ्यांपुढं धुकं आलं. धुक्यात कुणी म्हातारा घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता, आणि घोडा ऐकत होता. त्या अनोळखी माणसाची त्याला फार माया आली.

"काका, आज नाही चालला तं उद्या बजारात काढतो," शेतात पोचल्यावर भीमराज म्हणाला. "मले बी पोट हाये."

शंकरसिंगनं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून वशिंडावर ठेवला. चांद्या लगेच उठला. भीमराज हरखला, शंकरसिंगला मात्र आपली चूक कळली. शिकवताना त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. उद्या हा पुन्हा बसणार.

"पराणी फेक. हात ठेव इथं," तो म्हणाला.

वशिंडावरच्या भीमराजच्या हातावर त्यानं आपला लुळा हात ठेवला आणि डाव्यानं रेटला. चांद्या चालला. दोन-तीन ओळी अशाच झाल्या. मग शंकरसिंगनं आपला हात काढून घेतला.

चांद्या थबकला. आपल्या हाताशिवाय यानं चालूच नये, असं क्षणभर शंकरसिंगच्या मनात येऊन गेलं. भीमराजनं एकट्यानं हात सरकवला, मागं होऊन डवरा धरला, आणि चांद्या निघाला. शेताच्या टोकाला वळून तो परत आला, शंकरसिंगच्या अगदी जवळून, त्याच्याकडे न बघता पुढं गेला.

रंजिता आजोबांकडे बघत राहिली.

"चांगला शिकला," म्हातारा म्हणाला आणि शेताच्या कडेला धुऱ्यावर बसला.