चौकटीतलं नाव

"आई, आता तुमच्या फोनवर एक चौकट येईल," लिलियन म्हणाली. "घाईनं पिन टाकू नका. आधी नाव वाचा, बरोबर आहे का बघा, मग टाका."

सून मला शिकवत होती. सरोवराकाठचं आमचं अख्खं डुंगा गाव पंधरा-वीस वर्षं मोबाईलच्या पाकिटातून पैसे देतंय-घेतंय, आणि समोरच्याचं नाव वाचल्याशिवाय पिन टाकणारी बाई आमच्या किनाऱ्यावर शोधून सापडायची नाही. पण सुनेशी कशाला वाद घाला, म्हणून फोन हातात धरून बसले.

ऊन डोक्यावर आलं होतं. अंगणभर जाळ्यांवर ओमेना वाळत पडली होती, बोटाएवढी चंदेरी मासळी, आणि कुंपणावर करकोचे टपून बसले होते. लिलियन ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. तिच्या पाठीला माझी नात बांधलेली होती, आणि नात रडत होती. दोन महिन्यांची पोर, पण झोपेपेक्षा रडणं जास्त.

लिलियननं आमचं सुक्या मासळीचं दुकान इंटरनेटवर मांडलं होतं. नैरोबीतल्या आमच्या माणसांनी तिथं मासळी निवडायची, आपला नंबर टाकायचा, मग त्यांच्या फोनवर चौकट येणार, त्यात पिन टाकला की पैसे आमच्याकडे. शनिवारी दुकान उघडायचं होतं. त्याआधी एका शिलिंगची चाचणी.

फोन थरथरला. मी वाचलं.

"आकेयो ओदेरा यांना १ शिलिंग द्यायचा आहे. पिन टाका."

फोन हातातून सुटला तो थेट ओमेनाच्या टोपलीत.

आकेयो माझी सवत. ओदेराची ती थोरली बायको, मी धाकटी. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मी बसले होते तिथून बारा पावलांवर तिचं बंद घर आणि घराच्या डाव्या अंगाला तिची कबर.

"खातं अजून त्यांच्याच नावावर आहे ना, म्हणून नाव आलं," लिलियन म्हणाली. "घाबरलात की काय?"

"घाबरते कशाला? मासळीचं तेल होतं हाताला, निसटला."

सुक्या ओमेनाला कसलं आलंय तेल, हे तिलाही कळत होतं. वर्षभर आकेयोचं सिम मीच जिवंत ठेवलं होतं. तिचा जुना फोन साखरेच्या डब्यात, तिचा पिन मला पाठ. गिऱ्हाइकांचे पैसे तिच्या खात्यावर यायचे, मी काढून घ्यायचे. किनाऱ्यावर पुष्कळ घरांत असंच चालतं. गिऱ्हाईक पैसे देताना तिचं नाव वाचतं हे काय मला माहीत नव्हतं? पण ते त्यांच्या फोनवर होतं. माझ्या फोनवर ती अशी कधी आली नव्हती.

"ते नाव काढून टाक," मी म्हणाले. "शनिवारच्या आत. मेलेल्या बाईच्या नावानं दुकान उघडायचं नाही मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही किसुमूला मोबाईल कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरवरच्या मुलीनं मृत्यूचा दाखला पाहिला, तारीख पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

"आई, वर्षभर काय करत होतात?"

"रडत होते," मी म्हणाले.

तिनं मान खाली घालून अर्ज पुढं ओढला. मग हा नंबर कुठला, तो नंबर कुठला, धंदा काय, दुकान कुठं, असं भराभर विचारत गेली, मी सांगत गेले, तिनं बोट ठेवलं तिथं सही केली. माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच. ह्याच काउंटरपुढे सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघी उभ्या होतो.

ओदेरा गेल्यावर आकेयोनंच मला मासळी वाळवायला शिकवलं, हे कबूल करते. पण तोंड माझं चालायचं. तिला मूल नव्हतं, मला मुलगा होता, ओविती, आणि ते मी तिला एक दिवस विसरू दिलं नाही. खातं कुणाच्या नावावर काढायचं ह्यावरून त्या दिवशी मटाटूत आमचं जुंपलं. भरल्या गाडीत मी तिला म्हणाले, "तुझं नाव तुझ्याबरोबर खड्ड्यात जाणार. ते खात्यावर लावून काय करणार आहेस?" काउंटरवर मात्र तिनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. परतताना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "निदान मासळी घेणारे तरी वाचतील." मला हसू आलं होतं.

आणि जायच्या आधी, शेवटच्या आठवड्यात तिनं माझा हात धरला. "आदोयो, ओवितीला मुलगी झाली तर..."

"झोप आता," मी म्हणाले. मी तिला ते वाक्य पुरं करू दिलं नाही. तिनं पुन्हा सुरू केलं नाही, आणि तीन दिवसांनी ती गेली.

आमच्यात गेलेलं माणूस नाव मागायला येतं. कधी स्वप्नात येतं, कधी बाळाला रडवतं. ज्याचं त्याला नाव मिळालं की बाळ शांत होतं. म्हणून नाव ठेवायची घाई कुणी करत नाही, कुणाच्या स्वप्नात कोण येतंय ह्याची वाट बघतात. मी वाट बघितली नाही. पोर जन्मली त्याच दिवशी मी माझ्या आईचं नाव ठेवून मोकळी झाले, आवीनो. माझ्या माहेरचं नाव ह्या घरात कसं, म्हणून बायका कुजबुजल्या. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

तेव्हापासून पोर रडत होती. दवाखान्यात कान पाहिले, पोट पाहिलं, काही सापडलं नाही. दूध ओढायची आणि तोंड फिरवायची. वजन वाढत नव्हतं, आणि लिलियन रोज तिचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघायची.

कचेरीतून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सलोमी वन्सं आल्या. ओदेराची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "हे नाव तिला चालत नाहीये. कोण मागतंय ते बघू. माझी आठवण आता फुटक्या मडक्यासारखी झालीये. नावं तू घे."

मी नावं घेतली. सासूचं घेतलं. आजेसासूचं घेतलं. सरोवरात बुडालेल्या नणंदेचं, दोन चुलतसासवांचं. एक नाव घ्यायचं, थांबायचं, बाळाकडे बघायचं. बाळ रडत होतं. एक नाव माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, आणि मी दात आवळून धरले होते. ते नाव घेतलं आणि पोर गप्प झाली तर? मग थोरलीच माझ्या अंगणात रांगणार, माझ्या हातानं जेवणार, आणि मी तिला काय काय बोलले होते ते सगळं तिच्या डोळ्यांत मला रोज दिसणार. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

"अजून कोण राहिलं?" वन्संनी विचारलं.

"कुणी नाही."

"नीट आठव गं."

"संपली म्हणते ना!"

वन्संनी आकेयोच्या बंद दाराकडे बघितलं. "बरं," म्हणाल्या, आणि काठी शोधायला लागल्या. लिलियन त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली. मी चहासुद्धा विचारला नाही.

त्या दुपारी जाळ्यांशेजारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला. फाटक वाजलं. मी विचारलं, "कोण आहे?" उत्तर आलं नाही. फाटकाच्या फळ्यांखाली दोन पावलं दिसत होती, टाचांना ओमेनाचे खवले चिकटलेली. मी पुन्हा विचारलं, "कोण आहे?" पावलं हलली नाहीत. मी नाव घेईपर्यंत ती तिथंच उभी राहणार होती. जागी झाले तेव्हा करकोच्यांनी अर्धं जाळं साफ केलं होतं आणि घरात बाळ रडत होतं.

शुक्रवारी कंपनीचा निरोप आला, काम झालं. लिलियननं दुकानात नवीन खातं जोडलं. "आई, परत एकदा बघू. आता तुमचंच दुकान."

फोन थरथरला.

"आकेयो, डुंगा यांना १ शिलिंग द्यायचा आहे. पिन टाका."

ह्या वेळी फोन पडला नाही. माझी बोटं त्याच्यावर घट्ट बसली होती, सुटेनात.

"घोळ घातला मेल्यांनी!" मी ओरडले. "कागद दाखवला, सही केली, तरी तीच कशी येते?"

"घोळ नाही घातला कुणी." लिलियननं पिशवीतून कचेरीतला कागद काढला. "खातं तुमच्या नावावर झालंय, हे बघा, आदोयो ओदेरा. पण गिऱ्हाइकाच्या चौकटीत दुकानाचं नाव दिसतं. त्या मुलीनं विचारलं, दुकानाचं नाव काय लिहू? तुम्ही सांगितलंत, आकेयो."

"मी?"

"मी तुमच्या शेजारीच होते, आई. मला वाटलं, तुमचं मन बदललं. मला बरं वाटलं, म्हणून काही बोलले नाही."

कागदावर लिहिलं होतं, दुकानाचं नाव: आकेयो, डुंगा. खाली माझी सही. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अख्खा किनारा आमच्या अंगणाला आकेयोकडे म्हणतो. होडीवाल्यांना मीच रोज ओरडून सांगते, टोपल्या आकेयोकडे टाका म्हणून. तेच तोंडातून निघून गेलं असणार. हे सगळं मला कळत होतं, तरी अंगावर काटा आला तो जाईना. बाळावर वाकून जे नाव मी दाताखाली धरलं, ते एका परक्या मुलीनं विचारताच सहज बाहेर पडलं होतं, आणि पडताना मला कळलंही नव्हतं.

"अर्ज करून बदलता येईल," लिलियन हळूच म्हणाली. "पण उद्याच्या आत नाही व्हायचं."

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बाळाचं रडणं बदललंय. आवाज बसला होता. तोंड उघडत होतं, कपाळाला आठ्या पडत होत्या, पण आतून नुसती खरखर येत होती. लिलियनलाही ते ऐकू आलं. तिनं गाठ सोडून पोरीला पुढं घेतलं आणि तिचं मनगट पुन्हा दोन बोटांत धरलं.

"आई," ती म्हणाली, "परवा सलोमी आत्यांसमोर तुम्ही एक नाव गाळलंत ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मी मोजत होते. घरातली सगळी नावं मला माहीत आहेत. मी थोरल्या आईंची मुलगी नव्हते तरी त्यांनी मला जाळं विणायला शिकवलं. तुम्हाला जी शिक्षा व्हायची ती होऊ दे, पण ती माझ्या लेकीला का?"

माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. एरवी मी तिचं माहेर काढलं असतं. त्या वेळी हात पुढे केले आणि पोर मागून घेतली. तिचं काही वजनच नव्हतं.

बारा पावलं चालले. आकेयोच्या दाराला गंज लागला होता. उंबऱ्यापाशी बसले, कबर डाव्या हाताला.

"आकेयो," मी म्हणाले.

पोर खरखरत राहिली. मला वाटलं, उशीर झाला. आता थोरली माझ्या हातून नावही घ्यायची नाही, आणि तिचं तरी काय चुकलं?

"आकेयो, वाक्य मी तोडलं तुझं. तुला काय मागायचं होतं ते मला कळलं होतं, म्हणूनच तोडलं. भरल्या गाडीत मी बोलले ते खोटं होतं. घे, ही तुझी. हिचं नाव आकेयो."

पोरीनं एक आवंढा गिळला. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, अगदी निरखून, थोरली मी वाळत टाकलेली मासळी बघायची तसं. मी नजर काढली नाही. मग तिनं तोंड वळवून माझ्या कपड्यांत काहीतरी शोधायला सुरुवात केली. लिलियननं तिला उचलून छातीशी धरलं, आणि ती दूध ओढायला लागली. किती वेळ ओढत होती कोण जाणे. लिलियन रडत होती. मी बसल्या जागी दाराला पाठ टेकली, आणि पलीकडूनही कुणीतरी टेकलंय असं मला वाटत राहिलं.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं. लिलियनच्या लॅपटॉपवर पहिली ऑर्डर दिसली, नैरोबीहून, दोन किलो. पण पैसे येईनात. मिनिटभरानं माझा फोन वाजला.

"मावशी, मासळी मागवलीये," पलीकडून एक बाई म्हणाली. "चौकटीत नाव आलंय आकेयो. पिन टाकायच्या आधी म्हटलं विचारावं. आकेयो म्हणजे तुम्हीच का?"

मी ओट्याकडे बघितलं. टांगलेल्या जाळ्यांच्या सावलीत गोधडीवर पोर पडली होती, मुठी उघड्या, तोंड अर्धवट उघडं.

"नाही," मी म्हणाले. "आकेयो म्हणजे आमची नात. टाका पिन, नाव बरोबर आहे. पण हळू बोला, आत्ताच झोपलीये ती."